थुंकी बदलून बघ

४ जून

दादा,

आधीच्या कागदावर सवयीने 'प्रिय' लिहून बसले होते, म्हणून हा नवा कागद घेतला. पत्र कुरियरने पाठवते आहे. देणारा तुझी सही घेऊनच देईल, म्हणजे 'मिळालंच नाही' म्हणायची सोय उरणार नाही.

आपलं बोलणं बंद आहे ते बंदच राहू दे. हे कामाचं पत्र आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एप्रिलपासून झाडाच्या सालीचा जो अर्क येतो तो तुमच्या कारखान्यातून येतो, हे मला मागच्या आठवड्यात कळलं. मागवला सरांनी, वापरत होते मी, आणि खोक्यातल्या शुद्धतेच्या दाखल्यावर सही कुणाची, तर तुझी. ती लफ्फेदार सही मी चांगली ओळखते. माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तूच ठोकायचास आणि बाबांच्या सहीपेक्षा ती बरी यायची. तेव्हा तुझ्या सहीवर माझा किती विश्वास असेल ते तूच ठरव.

काम काय आहे ते थोडक्यात सांगते. दात किडवणारे जंतू आपण खाल्लेली साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्यांना मारायला गुळण्यांचं एक औषध आहे, क्लोरहेक्सिडीन. काम चोख करतं, पण दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव अशी की मुलं तोंड वेडंवाकडं करून बेसिनमध्ये थुंकतात. म्हणून आम्ही जोडी लावून बघतोय. ते औषध अगदी थोडं घ्यायचं, सोबत तुमचा अर्क थोडा घ्यायचा, आणि दोघांनी मिळून एकट्याने होत नाही ते करायचं. खळग्यांची एक प्लेट असते. आडव्या ओळीत एक औषध चढतं घालत जायचं, उभ्या ओळीत दुसरं, आणि सगळीकडे जंतू सोडायचे. दुसऱ्या दिवशी गढूळ खळगा म्हणजे जंतू मजेत आहेत, नितळ खळगा म्हणजे गेले. कमीत कमी औषधात कुठला खळगा नितळ झाला ते शोधायचं. बाकी सगळं पिपेट धरून अंगठा दुखवून घेणं आहे.

मार्चपर्यंत ही जोडी बेताचीच होती, एकमेकांना थोडा हातभार लावत होती इतकंच. एप्रिलपासून मात्र चमत्कार सुरू आहे. नावाला औषध घातलं तरी खळगे लख्ख. सर आता मला रोज 'चहा घेतला का' विचारतात. जुलैअखेर समितीची बैठक आहे आणि ती झाली की शेजारच्या शाळेतल्या मुलांना आत्ता मिळणारं औषध बंद करून आमची हलकी जोडी सुरू करायची असं ठरतंय. प्रयोगशाळेत आनंदीआनंद आहे. त्या आनंदात कपाळाला आठी घालून फिरणारी मी एकटीच.

कारण चमत्कारही एप्रिलमधला आणि तुमचा अर्कही एप्रिलमधला. कुठेतरी पाणी मुरतंय. जोडीत दोघं आहेत म्हणतात, पण काम तिसरंच कुणीतरी करतंय असं मला वाटतं. तो तिसरा उद्या तुमच्या बाटलीतून नाहीसा झाला तर त्या मुलांच्या दातांवर गोड पाण्यापलीकडे काही उरणार नाही.

तेव्हा सरळ विचारते. अर्कात काय मिसळलंस? कारखान्याच्या धंद्यासाठी मिसळलंस, की बहिणीचं भलं व्हावं म्हणून? दुसरं असेल तर मला ते जास्त घाण वाटेल.

तुझं उत्तर कागदावर हवं.

बहीण

---

१७ जून

दादा,

तुझं उत्तर आलं. कागद पानभर आणि मजकूर तीन वाक्यं. 'अर्क शुद्ध आहे. हवं तर दुसऱ्यांचा मागवून ताडून बघ. थुंकी बदलून बघ.' खाली सही, तीच लफ्फेदार.

तिसरं वाक्य वाचून मी उभीच राहिले. म्हणजे अर्क सोवळा आणि संशय कुणावर, तर बाबांवर?

तुला माहीतच आहे, तरी सांगते, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुला नीट दिसेल. प्लेटच्या खळग्यांत आधी माणसाची लाळ घालावी लागते, तरच जंतू दातावर बसतात तसे नीट बसतात. ही लाळ गेली दोन वर्षं बाबा देतात. उभ्या आयुष्यात त्यांचा एकही दात किडलेला नाही आणि हे ते ओळख झाल्याबरोबर कुणालाही सांगतात. दर सोमवारी सकाळी दात न घासता, चहा न घेता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसतात. मी त्यांना मेणाचा तुकडा चघळायला देते, पेल्यात बर्फ घालते, बर्फात नळी उभी करते. मग ते चघळतात आणि थुंकतात, अगदी गंभीर चेहऱ्याने. मध्येच दूधवाल्याने बेल वाजवली तर मला हाताने खुणावतात की मी ड्यूटीवर आहे, तू बघ. नकाशे काढायच्या कचेरीत उभा जन्म गेला तरी एवढी शिस्त त्यांनी तिथे पाळली नसेल.

देताना मी दर वेळी विचारते, 'काही औषध घेतलंय? डोकेदुखीचं, सर्दीचं, कसलंही?' तोंडात मेण असतं, त्यामुळे ते जोरजोरात मान हलवतात. नाही.

मे महिन्यात एकदा लाळेला जरा रंग दिसला, पातळ चहासारखा. मी चिडले. 'बाबा, चहा प्यायलात?' तर म्हणाले, 'हो गं, घेतला घोटभर. राहवलं नाही.' पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. लहान मुलासारखे खाली बघत होते. मीही जास्त बोलले नाही, एक घोट चहाने जंतू मरत नाहीत. तर बाबांचा गुन्हा म्हणायचा तर हा एवढा आहे.

तुला आपली बाजू सावरायला दुसरं कुणी मिळालं नाही का? दाखल्यावर सही करणारा तू आणि बोट दाखवलंस बापाच्या थुंकीकडे. अर्थात तुझ्याकडून मी दुसरी अपेक्षा का करावी? आईच्या वेळीही तुझी पत्रं अशीच आखूड असायची. 'आई बरी आहे. काळजी करू नकोस. अभ्यास कर.' तीन वाक्यं तेव्हाही असायची. मी परदेशी बसून ती वाचत होते, खरी मानत होते, आणि येऊन पोचले तेव्हा आई मला ओळखत नव्हती. म्हणून तुझ्या आखूड पत्रांची मला भीती वाटते.

दुसऱ्या कारखान्याचा अर्क मागवला आहे. बघतेच.

बहीण

---

१ जुलै

दादा,

लिहायला जड जातंय, पण लिहिते. दुसऱ्यांचा अर्क लावून बघितला. तोच चमत्कार, तेवढेच लख्ख खळगे. तुझा अर्क स्वच्छ आहे. लिहिलं. पुन्हा लिहायला सांगू नकोस.

पण मग तिसरा कोण?

क्लोरहेक्सिडीनची नवी बाटली फोडली, तेच. जंतूंचा साठा गोठवलेल्या जुन्या नळीतून नव्याने वाढवला, तेच. इन्क्युबेटरला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. चिमणी, म्हणजे आमची मदतनीस मुलगी, दिवसभर चिवचिवते म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात, ती म्हणाली, 'मॅडम, दागिना केलात का?' मी हसले नाही. मला आता तिचाही संशय येतो. तिची नोकरी या कामावर अवलंबून आहे. सरांचा तर येतोच. त्यांनी बैठकीसाठी नवा कोट शिवायला टाकला आहे. ज्या माणसाने निकालाआधी कोट शिवायला टाकला तो निकालाला हात लावणार नाही कशावरून? मी त्यांच्या खोलीसमोरून जाताना उगाच चाल मंद करते. एकदा त्यांनी दार उघडलं आणि आम्ही समोरासमोर आलो. 'काही हवंय का?' म्हणाले. मी म्हटलं, 'चहा घेतला का, विचारायचं होतं.'

तू मला लहानपणी शंकासुर म्हणायचास. म्हण, पण माझी झोप उडाली आहे हे खरं. कामात खोट निघाली की माणूस ती काढतो. इथे काम चांगलं निघतंय आणि तेच मला खुपतंय, हे कुणाला समजावून सांगायचं?

घरी यावं तर तिथेही तेच. बाबांचं काहीतरी चाललंय. एक गुरुवार सोडून एक गुरुवार नीट कपडे करून बाहेर जातात. 'कुठे?' विचारलं तर 'मित्राकडे.' मित्राचं नाव विचारलं की खोकला येतो. स्वतःचे रुमाल स्वतः धुतात. आई असताना ज्यांना रुमाल कुठे वाळत घालतात हे माहीत नव्हतं, ते आता मी उठायच्या आत धुऊन खिडकीत टाकतात. मध्ये मला वाटलं, कुणी बाई भेटली असेल. खरं सांगू? मला राग आला नाही, जरा बरंच वाटलं. पण खुर्चीतून उठताना टेबलाची कड धरून उठतात. कुणी भेटलं असतं तर उलट जरा ताठ झाले असते.

तुला काही बोलले आहेत का? तुमचं आठवड्याला बोलणं होतं हे मला ठाऊक आहे. मी आंघोळीला गेले की ते फोन लावतात आणि नळ बंद झाला की ठेवतात.

बहीण

---

११ जुलै

दादा,

हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग एकाच शब्दात उत्तर दे.

गेल्या सोमवारी बाबांच्या लाळेची नळी माझ्या हातून प्रयोगशाळेच्या पायरीवर पडली आणि फुटली. काम थांबवता येत नव्हतं. चिमणीला विचारलं, तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, मी तिचीच लाळ घेतली. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला तर चमत्कार गेला होता. मार्चमध्ये जोडी जेवढं करत होती तेवढंच. बाकी खळगे गढूळ, अगदी मजेत.

मी काय केलं असेल? चिमणीला कोपऱ्यात घेतलं. 'काय घातलंस?' म्हणून विचारलं. ती आधी हसली, मग तिला कळलं की मी खरंच विचारतेय, मग ती रडली. 'मॅडम, थुंकीत मी काय घालणार?' म्हणाली. तेव्हा माझ्या कानात तुझं तिसरं वाक्य वाजलं.

काल बाबांकडून पुन्हा लाळ घेतली. 'सोमवारची पडली' म्हटलं तर खूश झाले, जादा ड्यूटी मिळाली म्हणून. एका थाळीवर जंतूंचा सलग थर वाढत ठेवला. त्यावर कागदाच्या दोन टिकल्या, एक चिमणीच्या लाळेत भिजवलेली, एक बाबांच्या. औषध नाही, अर्क नाही, दुसरं काहीच नाही. आज बघितलं. चिमणीच्या टिकलीला जंतू अगदी चिकटून वाढले आहेत. बाबांच्या टिकलीभोवती पुसट वर्तुळ आहे. त्यात जंतू नाहीत.

तुला हसू येईल, पण थोडा वेळ मला अभिमान वाटला. वाटलं, खरंच की, या माणसाचा एक दात किडला नाही तो उगाच नाही, याच्या लाळेतच काहीतरी आहे, जगाला सांगायला हवं. मी ती थाळी उजेडाकडे धरून उभी होते. मग शेजारी ठेवलेल्या नळीकडे लक्ष गेलं. यंत्रात फिरवून गाळलेली, स्वच्छ लाळ. रंग पातळ चहाचा.

चहा असा दिसत नाही, दादा. चहा तपकिरी असतो. हा नारिंगी होता.

घाम, डोळ्यांतलं पाणी, लाळ सगळं नारिंगी करणारं औषध कुठलं, हे मी गेली कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना शिकवते. ते कशासाठी देतात हेही शिकवते. लाळेत ते इतकं थोडं उतरतं की एकटं तिथे फार काही करू शकत नाही, पण हे जंतू त्याला फार हळवे आहेत. त्याच्या जोडीला आमची दोन मिळाली की झालं. तिसरा सापडला. आणि इतके दिवस मी किल्ली गळ्यात घालून त्याला प्रयोगशाळेत शोधत होते.

म्हणून रुमाल धुतात. म्हणून गुरुवार. चहा प्यायल्याची कबुली म्हणूनच. न प्यायलेल्या चहाची बोलणी त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतली आणि माझा विश्वास बसला.

मी अजून त्यांना काही विचारलेलं नाही. आधी तुला विचारते. तुला माहीत होतं. हो की नाही?

---

२० जुलै

दादा,

'हो.' आणि त्याखाली पुरी चार पानं. आयुष्यात पहिल्यांदा तुला एवढं लिहावंसं वाटलं, बरं झालं.

वाचलं सगळं. मणक्याचा टीबी. दुसऱ्याला लागणारा नाही. मार्चमध्ये मी परिषदेला गेले होते तेव्हा पाठ धरली म्हणून ते एकटे तपासायला गेले. औषध लागू पडतंय, वजन वाढतंय, वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतील. त्यांनी तुला शपथ घातली की तिला सांगायचं नाही. तू शपथ मोडली नाहीस, फक्त माझं पत्र आल्यावर मुलांच्या गुळण्यांचं वाचून घाबरलास आणि ते एक वाक्य लिहिलंस. मी तुझ्यावर भेसळीचा आरोप केला तरी 'माझ्यामुळे नाही, बाबांमुळे' म्हणाला नाहीस.

यावर मी विरघळून जावं असं तुला वाटत असेल तर थांब. माझा संताप संताप झाला आहे. दुसऱ्यांदा, दादा! याच घरात, माझ्याच माणसाला काहीतरी झालंय आणि सगळ्यांना माहीत आहे, मी सोडून. आणि मी कोण, तर डोळ्यांना दिसत नाहीत असे जंतू शोधून काढणारी. समोरच्या ताटावर बसलेला बाप मला दिसला नाही. तेव्हा आईबद्दल खोटं लिहिलंस, आता बाबांबद्दल गप्प बसलास. तुझ्यात फरक एवढाच पडला की तीन वाक्यांत एक खूण घालायला शिकलास.

त्या एका वाक्याचे मात्र आभार. ते नसतं तर मी चिमणीला कामावरून काढलं असतं आणि मुलांना फसवं औषध दिलं असतं.

सरांना सांगितलं. नाव घेतलं नाही. 'लाळ देणारा माणूस औषधावर होता, एप्रिलपासूनचे सगळे निकाल रद्द' एवढंच म्हटलं. त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, 'तुम्ही दर वेळी विचारत नव्हता का?' मी म्हटलं, 'विचारत होते.' 'मग?' बैठक पुढे गेली. शाळेत मुलांना जुनंच औषध चालू राहील, डाग पडले तर पडले. नव्या कोटाचं काय झालं ते विचारायचा धीर झाला नाही. त्यांचा मला संशय आला होता हे मी त्यांना सांगणार नाही, तूही सांगू नकोस.

आता बाबांचं. त्यांना सांगावं म्हणून रोज घरी येते आणि रोज राहून जातं. परवा सोमवारी पुन्हा स्टुलावर तयार होते, मेणासाठी हात पुढे करून. मी बर्फ घातला, नळी उभी केली. त्यांनी भरून दिली. पिशवीत घालून घेऊन गेले आणि प्रयोगशाळेत पोचल्यावर बेसिनमध्ये ओतली. रात्री जेवताना विचारलं, 'आजची कशी होती?' मी म्हटलं, 'छान होती, बाबा.' किती सहज म्हणाले मी! पोळीचा घास मोडता मोडता. ते खूश होऊन आणखी भात घेते झाले.

मला आता स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला आहे.

बहीण

---

१६ ऑगस्ट

प्रिय दादा,

कागद बदललेला नाही.

परवा सोमवारी बाबा स्टुलावर बसले. मी मेण दिलं, बर्फ घातला. त्यांनी मेण तोंडात घातलं, थोडं चघळलं आणि काढून हातात धरलं.

'आज विचारलं नाहीस,' म्हणाले.

'काय?'

'औषध घेतलंय का ते. मागच्या सोमवारीही विचारलं नाहीस. त्याच्या मागच्याही.'

'विसरले असेन.'

'तू? गॅस बंद केला का बघायला तू अर्ध्या जिन्यातून परत येतेस. तू विसरलीस?'

खरं म्हणजे मला त्यांची ती मान बघवत नव्हती, जोरजोरात 'नाही' म्हणणारी. म्हणून विचारायचं सोडलं होतं. संशयी माणसाने विचारणं सोडलं की तेच सगळ्यांत आधी लक्षात येतं, हे मला सुचलं नव्हतं.

'कधीपासून माहीत आहे?' त्यांनी विचारलं.

'जुलैपासून.'

'त्याने सांगितलं?'

'नाही. त्याने तुमची शपथ पाळली. तुमच्या थुंकीने सांगितलं.'

त्यांना हसू आलं, पण पाठीत कळ आली असावी, अर्ध्यात थांबले. मग मी बोलायला लागले ती थांबेचना. म्हटलं, बाबा, तुम्हाला काही कल्पना आहे का? एवढ्या महिन्यांचं काम गेलं. लहान मुलांच्या तोंडात खोटं औषध गेलं असतं. मी एका मुलीला चोर ठरवत होते. दादाला भेसळ करणारा म्हटलं. आणि तुम्ही इथे बसून माझ्यासमोर मान हलवत होतात!

त्यांचा चेहरा उतरला. 'एवढीशी गोळी,' म्हणाले, 'ती थुंकीत उतरते?' त्यांना खरंच माहीत नव्हतं, दादा. त्यांना वाटलं गोळी पोटात जाते, तिथून पाठीत जाते, तोंडाशी तिचा संबंध काय. माझा प्रश्न म्हणजे त्यांना निव्वळ कचेरीतला नियम वाटायचा.

'पण सांगितलं का नाहीत?'

'सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी नळी बंद केली असतीस.'

'केलीच असती!'

'तेच. आठवडाभर मी या घरात काय करतो? पेपर वाचतो. तू यायची वाट बघतो. सोमवारी मी कुणाला तरी लागतो.'

मला रडू फुटलं. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि चांगली रडले. ते माझ्या डोक्यावर थोपटत राहिले, दुसऱ्या हातात ते मेण तसंच. खूप वेळाने म्हणाले, 'त्याच्यावर रागावू नकोस. या वेळी शपथ मीच घातली. आणि तेव्हाही मीच घातली होती.'

'तेव्हा म्हणजे?'

'तुझ्या आईच्या वेळी. तो तुझं तिकीट काढायला निघाला होता. पैसेही भरून आला असता. मी दारात अडवला. म्हटलं, तिचा प्रबंध पुरा होऊ दे, दोन महिन्यांत काही होत नाही. तो ऐकेना, ओरडला माझ्यावर. शेवटी शपथ घातली. पत्रं मी सांगायचो, तो लिहायचा. आखूड लिहायचा, म्हणायचा यापेक्षा जास्त खोटं माझ्याने होणार नाही.'

दादा, हे तू मला का सांगितलं नाहीस? आई गेल्यावर मी तुला दारात उभं राहून नाही नाही ते बोलले. बाबा आत खाटेवर होते, सगळं ऐकत होते. तू त्यांच्याकडे एकदासुद्धा बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर मला तेव्हाच कळलं असतं.

माझा राग गेला असं समजू नकोस. इतकी वर्षं तू खोटं बोललास म्हणून चिडले होते, आता तू शब्द इतका पाळतोस म्हणून चिडले आहे. बाबांवरही चिडले आहे. पण त्यांच्यावर फार वेळ चिडता येत नाही, ते लगेच पाठ धरतात. खरी धरतात की कशी याचाही मला संशय आहे. पण तुझ्याबद्दल मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. तुला आई माझ्याइतकीच होती आणि तुला तिच्यासाठी रडायला मी घर ठेवलं नाही.

रडून झाल्यावर बाबांनी विचारलं, 'मग आता सोमवारी मी काय करू?' मी म्हटलं, रजा. वर्षभर. बिनपगारी. औषध संपलं की पुन्हा कामावर हजर व्हायचं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, 'तोपर्यंत ती चिमणी जागा बळकावणार.' वाद घालायला लागले आहेत, म्हणजे बरे होतील.

जोडीचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. खरा निकाल बेताचाच आहे. दोन्ही मिळून थोडं जास्त करतात, फार नाही. पण जेवढं करतात तेवढं करतात. मला पुरे आहे.

पुढच्या महिन्यात बाबांची मोठी तपासणी आहे. तू ये. डॉक्टरांसमोर आपण तिघं बसू आणि जे असेल ते तिघांनी एकदमच ऐकू. आल्यावर बाबा तुला नक्की बाजूला घेतील, मी चहा टाकायला वळले की हळूच कसलीतरी शपथ घालतील. घालू दे. त्यांचं मन मोडू नकोस. मग स्वयंपाकघरात ये आणि मला सगळं सांग.

तुझी
बहीण